रोमन सरहद्दीवरची बिऱ्हाडं : विंडोलँडाच्या ओल्या मातीतून

तांबडीमाती (धागाकर्ती)

यंदाच्या उन्हाळ्यात दोन आठवडे मी ओल्या मातीत गुडघे टेकून बसले होते. जागा विंडोलँडा, इंग्लंडच्या उत्तरेकडचा एक रोमन किल्ला. रोमन सम्राट हेड्रियनची प्रसिद्ध भिंत इथून साधारण मैलभर उत्तरेला आहे. या किल्ल्यावर दर वर्षी हौशी माणसांना खोदकामाला घेतात. हातात थापी, शेजारी बादली, गुडघ्यांखाली एक जाड चटई, एवढ्यावर काम चालतं.

नवव्या दिवशी माझ्या शेजारच्या बाईंच्या थापीला चामडं लागलं. त्यांनी थापी बाजूला ठेवली आणि बोटांनी माती सोडवायला घेतली. पाऊण तासाने एक जोडा दिसला. काळा, ओला, माझ्या तळहातावर मावेल एवढा. शिलाईची भोकं मोजता येत होती. घालणारं मूल नुकतंच चालायला लागलं असणार.

मी नऊ वर्षं न्यूकॅसलला राहते. पाहुणे आले की त्यांना भिंतीवर न्यायचं, वाऱ्यात उभं राहून फोटो काढायचे आणि ‘इथे रोमन साम्राज्य संपायचं’ असं सांगायचं, हा आमच्या घरचा ठरलेला कार्यक्रम. तो जोडा पाहिल्यापासून ते वाक्य तोंडातून निघत नाही. इथे बिऱ्हाडं होती, लेकरं होती. त्यांच्याबद्दलच लिहायचं आहे.

नियम असा होता की साध्या सैनिकाला नोकरीत असेपर्यंत कायदेशीर लग्न करता येत नसे. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसने इ.स. १९७च्या सुमारास ही बंदी उठवली. वरच्या अधिकाऱ्यांना मात्र कुटुंब सोबत ठेवता यायचं. त्यामुळे जुने अभ्यासक किल्ल्याच्या आत शिपाईगडीच तेवढे कल्पायचे. बायकामुलं असलीच तर तटाबाहेरच्या वस्तीत. विंडोलँडात आजवर ५,००० हून जास्त जोडे मिळाले आहेत. त्यांत बायकांचे, मुलांचे, अगदी तान्ह्यांचेही आहेत, आणि ते बंदीच्या काळातल्या थरांतून, शिपायांच्या बराकींमधूनही निघाले आहेत. कॅरल व्हान ड्रील-मरे यांनी या चामड्याचा बारकाईने अभ्यास केला, पुढे एलिझाबेथ ग्रीन यांनी तो वाढवला. मोजायचं काय, तर तळव्याची लांबी. त्या मोजमापावर सरहद्दीचं जुनं चित्र बदललं.

आता हे सगळं टिकलं कसं? पहिला किल्ला इ.स. ८५च्या आसपासचा, लाकडी. ओलसर हवेत लाकूड किती टिकणार? काही वर्षांनी तो पाडून त्याच जागी नवा बांधायचा. पाडलेल्या भागावर चिकणमातीचा आणि गवती ढेकळांचा जाड थर पसरायचा, त्यावर नवे खांब रोवायचे. असे एकावर एक नऊ किल्ले इथे झाले. खालच्या थरांत जमिनीवर अंथरलेलं गवत आणि नेचे, त्यांत पडलेला कचरा, हे सगळं चिकणमातीखाली बंद झालं. हवाच शिरली नाही, म्हणून कुजलंही नाही. लाकडी कंगवे निघतात, विणलेलं कापड निघतं, २०१७ मध्ये मुष्टियुद्धाचे चामडी पट्टे निघाले. दगडी अवशेषांसाठी लोक येतात, पण माझ्या मते खरा खजिना या काळ्या चिखलात आहे.

आणि पत्रं! १९७३ साली पुरातत्त्वज्ञ रॉबिन बर्ली यांना एका चरात लाकडाच्या पातळ चकत्या मिळाल्या. पोस्टकार्डाएवढ्या, मिलिमीटर-दोन मिलिमीटर जाडीच्या. दोन चकत्या चिकटलेल्या होत्या, त्या सोडवल्या तर आत शाईच्या रेघा. तोवर सगळे समजत होते की रोमन लोक एकतर पपायरसवर लिहीत किंवा मेणाच्या पाटीवर. इथे तिथल्याच बर्च आणि आल्डरच्या झाडाची चकती, काजळीची शाई आणि आपल्या बोरूसारखा टाक. आता अशा १,७०० हून जास्त चकत्या आणि तुकडे आहेत. बहुतेक ब्रिटिश म्युझियममध्ये.

त्यातलं माझं आवडतं कागदपत्र म्हणजे एक हजेरीपट. पहिली तुंग्रियन पलटण, तारीख १८ मे. हे तुंग्रियन आजच्या बेल्जियममधले. पटावर एकूण ७५२ माणसं, त्यांत ६ शतकाधिपती. गैरहजर ४५६. पैकी ३३७ कोरिया नावाच्या ठाण्यावर (आजचं कॉर्ब्रिज), ४६ प्रांताधिकाऱ्याच्या रक्षक दलात, बाकी इथे तिथे कामगिरीवर. किल्ल्यात उरले २९६. त्यांतले १५ आजारी, ६ जखमी, १० जणांचे डोळे आलेले. कामाला धड माणसं २६५. शाळेत असताना ‘अजिंक्य रोमन सेना’ वाचली होती. इथे साडेसातशेची पलटण, हाताशी आहेत पावणेतीनशेहून कमी, आणि दहा जण डोळे चोळत बसलेत. मला या पटामुळे ती माणसं पहिल्यांदा दिसली.

बाकीची पत्रंही अशीच. मास्क्लुस नावाचा घोडदळाचा नायक किल्लेदाराला लिहितो की उद्या आम्ही काय करायचं ते कळवा, निशाणासकट सगळ्यांनी परतायचं की निम्म्यांनी. आणि शेवटी, माझ्या शिपायांकडची बिअर संपली आहे, पाठवायला सांगा. कुणीतरी कुणाला तरी पायमोजे, दोन जोड चपला आणि दोन चड्ड्या पाठवल्याचं कळवतो. ओक्ताविउस नावाचा माणूस लिहितो की रोख ५०० देनारियस (रोमन चांदीची नाणी) पाठव, नाहीतर मी धान्यापोटी दिलेली विसारही जाईल आणि तोंडही दाखवता येणार नाही. कातडी आणायला गेलो असतो, पण रस्ते खराब आहेत, जनावरांचे हाल करायचे नाहीत.

शेवटी एका बाईचं पत्र. क्लाउदिआ सेवेरा, शेजारच्या दुसऱ्या ठाण्यावरच्या अधिकाऱ्याची बायको. ती विंडोलँडाच्या किल्लेदाराच्या बायकोला, सुल्पिकिआ लेपिदिनाला, ११ सप्टेंबरला आपल्या वाढदिवसाला बोलावते. साल इ.स. १००च्या आसपास. मजकूर लेखनिकाच्या वळणदार अक्षरात आहे, पण शेवटच्या ओळी सेवेराने स्वतः लिहिल्या आहेत. बाईच्या हातच्या लॅटिन लिखाणाचा हा सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी एक. त्या ओळी अशा : ‘स्पेराबो ते सोरोर. वाले सोरोर, आनिमा मेआ, इता वालेआम, कारिस्सिमा, एत हावे.’

शब्दशः ‘मी तुझी अपेक्षा करीन, बहिणी. बरी राहा, बहिणी, माझा आत्मा…’ असं होतं आणि ते मराठीत मेल्यासारखं वाटतं. आठवडाभर झटतेय, जमत नाही. कुणी सांगेल का?

---

मनीप्लांट

वाचतेय. तो हजेरीपट वाचून अंगावर काटा आला. डोळे आलेले दहा जण!

---

चाळणी

सुंदर लेख. मी पुण्यात पुरातत्त्व शिकलो, त्यामुळे एका गोष्टीची भर घालतो. या चकत्या सापडणं अर्धं काम आहे. मातीतून बाहेर आल्यावर लाकूड काळवंडतं आणि शाई डोळ्यांना दिसेनाशी होते. इन्फ्रारेड छायाचित्रणात काजळीचा कार्बन काळा राहतो आणि लाकूड उजळ होतं, म्हणून अक्षर वाचता येतं. सुरुवातीची अशी छायाचित्रं न्यूकॅसलच्या अॅलिसन रदरफर्ड यांनी काढली.

त्यानंतरचा अडथळा अक्षराचा. दगडावरची रोमन अक्षरं आपल्यालाही लागतात, पण ही त्यांची घसटी लिपी. छापील देवनागरी येणाऱ्याला मोडी समोर ठेवली तर जसं होईल तसं. अॅलन बोमन आणि डेव्हिड थॉमस यांनी वर्षानुवर्षं एकेक फटकारा लावून ही पत्रं वाचली. मी मोडीच्या वर्गाला बसलोय, त्यामुळे या कामाचं मोल मला कळतं.

एक शंका. जाळायला काढलेली पत्रंही सापडली ना तिथे?

---

तांबडीमाती

चाळणी, मोडीची तुलना अगदी बरोबर. हो, सेवेराच्या पत्राच्या काळात किल्ल्यात नववी बाटेव्हियन पलटण होती, ऱ्हाइनच्या मुखाकडची, म्हणजे आजच्या नेदरलँडमधली माणसं. किल्लेदार फ्लाविउस केरिआलिस, तोही बाटेव्हियनच. इ.स. १०५ला त्यांना डॅन्यूबकडे, डेशियाच्या (आजच्या रुमानियाच्या भागातल्या) युद्धासाठी हलवलं. निघताना दप्तराचा ढीग करून पेटवला. काही चकत्यांच्या कडा जळलेल्या आहेत आणि मजकूर शाबूत आहे. आग मध्येच विझली, बहुधा पावसाने. इथला पाऊस मी ओळखते, मला हे पटतं.

---

गडवाट

ताई, लेख आवडला, पण एक आक्षेप. जोडे, मोजे, वाढदिवस यांत मूळ गोष्ट झाकली जातेय असं वाटतं. शंभरावर किलोमीटर लांब दगडी भिंत कुणी वाढदिवसासाठी बांधत नाही. ती लष्करी भिंत आहे, शत्रू अडवायला बांधली आहे. मी सह्याद्रीतले किल्ले हिंडतो. तटबंदी पाहिली की बांधणाऱ्याला कशाची भीती होती ते कळतं. इथे तसं का पाहू नये?

---

तांबडीमाती

गडवाट, जरूर पाहावं. बांधकामाकडेच बघू.

भिंत इ.स. १२२ला हेड्रियन स्वतः ब्रिटनला येऊन गेला तेव्हा सुरू झाली. लांबी ८० रोमन मैल, आजचे साधारण ११७ किलोमीटर. पूर्वेला टाइन नदीवरच्या वॉल्सएंडपासून पश्चिमेला सॉलवेच्या खाडीवरच्या बोनेसपर्यंत. पश्चिमेकडचा सुमारे ३१ मैलांचा भाग आधी गवती ढेकळांचा होता, दगड नंतर आला. तीन लेजियननी, म्हणजे रोमन नागरिकांच्या मोठ्या सैन्यदलांनी, मिळून बांधली, दुसरी, सहावी आणि विसावी. कुणी किती बांधलं याचे कोरीव दगड त्यांनी ठेवले आहेत.

आता मुद्दा. दर रोमन मैलावर एक छोटी गढी आहे आणि तिला उत्तरेकडेही दरवाजा आहे. दोन गढ्यांमध्ये दोन बुरूज. लोकांना फक्त अडवायचं असतं तर मैलामैलाला दरवाजे कशाला ठेवले असते? काही ठिकाणी तर दार अशा उतारावर उघडतं की बैलगाडी सोडाच, माणूसही जपून उतरेल. नकाशा ठरला, मग जमीन कशीही असो. म्हणून बरेच अभ्यासक म्हणतात की ये-जा कुठून होते, कोण जातो, काय नेतो, हे आपल्या ताब्यात ठेवणं हा मोठा हेतू होता. मोठं सैन्य चालून आलं तर लढाई भिंतीवर उभं राहून होणार नव्हती, मैदानात जाऊनच होणार होती.

पण तुमचं म्हणणं सोडूनही देत नाही. भिंतीच्या पुढ्यात खंदक आहे. काही भागात भिंत आणि खंदक यांच्या मधल्या पट्टीत टोकदार लाकडं रोवायचे खड्डेही सापडले आहेत. ते काही जकात गोळा करायला नव्हते. मागच्या बाजूला, दक्षिणेला, आणखी एक रुंद चर आणि दोन्हीकडे मातीचे बांध आहेत, त्याला वॅलम म्हणतात. म्हणजे लष्कराचा पट्टा दोन्ही बाजूंनी आखून घेतलेला. हेड्रियननंतर वीस वर्षांतच, इ.स. १४२च्या सुमाराला, पुढच्या सम्राटाने स्कॉटलंडमध्ये दुसरी भिंत घातली आणि ती वीसेक वर्षांत सोडून सगळे परत या भिंतीवर आले. त्यामुळे ‘साम्राज्याची रेघ’ असं काही कायमचं नव्हतंच.

---

गडवाट

उत्तरेच्या दरवाज्यांचा मुद्दा माहीत नव्हता. त्यावर विचार करतो. खड्ड्यांबद्दल सांगितलंत ते बरं केलंत.

---

नांगरट

मी शेतकरी माणूस, इतिहासातलं फार कळत नाही. पण वाचताना एकच प्रश्न सारखा मनात येतोय. ही भिंत गेली कुणाच्या रानातून? इतकी लांब रेघ ओढली तर खाली कुणाची तरी जमीन असणारच. तुमच्या सगळ्या पत्रांत बाहेरून आलेली माणसं आहेत. तिथले मूळचे कुठे आहेत?

---

चाळणी

नांगरट, या धाग्यावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलात.

उत्तर मातीत आहे. भिंतीच्या पूर्व भागात, वॉल्सएंड, डेंटन अशा ठिकाणी, पायाच्या खाली नांगराचे तास सापडले आहेत. आडवे-उभे, एकमेकांना छेदणारे. म्हणजे नांगरलेल्या रानावर भिंत आली.

भिंतीच्या उत्तरेला न्यूकॅसलच्या आसपास, कोळशाच्या खाणी आणि नवी घरं यांच्या आधी जी मोठी उत्खननं झाली, त्यांत लोहयुगातल्या गोल घरांच्या वस्त्या मिळाल्या. ईस्ट ब्रंटन, वेस्ट ब्रंटन, पेग्सवुड. भोवती चर असलेली, पिढ्यान्‌पिढ्या नांदलेली घरं. भिंत झाल्यानंतर थोड्याच काळात या वस्त्या ओस पडल्या. जाळपोळीच्या खुणा नाहीत. माणसं निघून गेली किंवा काढली गेली. चराई तुटली, सोयरीक तुटली, बाजाराची वाट पहाऱ्यातून जायला लागली, असं काहीतरी.

आणि पत्रांत मूळची माणसं एका ठिकाणी आहेत. एका चकतीवर स्थानिकांच्या लढण्याच्या पद्धतीची टिपणं आहेत. अंगावर चिलखत नाही, घोडेस्वार पुष्कळ, पण तलवार वापरत नाहीत, भाला फेकायला घोड्यावर बसत नाहीत. त्यात त्यांच्यासाठी शब्द वापरलाय ‘ब्रित्तुंकुली’. ब्रिटन शब्दाला हिणवायचा प्रत्यय लावलेला. ‘हे ब्रिटनडे’ म्हटल्यासारखं.

---

नांगरट

तासांवर भिंत. एवढं पुरे झालं मला. पेरणीच्या आधीचे तास होते की नंतरचे, हे कधी कळलं तर सांगा.

---

तांबडीमाती

नांगरट दादा, तुमचा प्रश्न वाचून मी मूळ लेख परत वाचला. तुमचं बरोबर आहे, मी जोड्यातच रमले होते. पुढच्या वेळी डेंटनला जाईन तेव्हा त्या तासांचा विचार करूनच उभी राहीन.

‘बाहेरून आलेली माणसं’ हेही एकसारखं प्रकरण नाही. भिंतीवरच्या मॅग्ना किल्ल्यात सीरियातल्या हमा शहराकडच्या तिरंदाजांची पलटण होती. त्यांनी आपल्या सीरियन देवीला तिथे वेदी वाहिली. पश्चिमेला बर्ग-बाय-सँड्सजवळ मूर, म्हणजे उत्तर आफ्रिकेतली तुकडी. नागरिक नसलेल्यांच्या अशा सहायक पलटणीत २५ वर्षं काढली की रोमन नागरिकत्व मिळायचं, त्याची सनद दोन ब्राँझच्या पत्र्यांवर कोरून द्यायचे. तोवर घर इथेच झालेलं असायचं.

टाइनच्या मुखाशी साउथ शील्ड्सला आर्बेया किल्ल्याच्या संग्रहालयात एक थडगं आहे, ते पाहिल्याशिवाय मी कुणाला परत पाठवत नाही. रेगीना नावाची बाई, वय ३०. कातुवेल्लाउनी जमातीची, म्हणजे लंडनच्या उत्तरेकडची. वेताच्या खुर्चीत बसलेली, मांडीवर चाती, एका बाजूला दागिन्यांची पेटी, दुसरीकडे लोकरीच्या गुंड्यांची टोपली. थडगं उभारणारा तिचा नवरा बारातेस, सीरियातल्या पाल्मिराचा. वर लॅटिन मजकूर आहे, व्याकरणात चुकलेला. खाली एकच ओळ पाल्मिराच्या लिपीत, सफाईदार : ‘रेगीना, बारातेसची मुक्त केलेली, हाय हाय.’ परक्या भाषेत त्याने रीत पाळली आणि रडला आपल्या भाषेत.

---

जुनी_वही

शेवटच्या वाक्याशी थांबले. तीस वर्षं मराठी शिकवलं. मुलांना सांगायची, माणूस मोजतो आणि रडतो मातृभाषेत. या बारातेसने दगडावर दाखवून दिलं.

---

सुईदोरा

मला मात्र त्या थडग्यापुढे एवढं भरून येत नाही. ‘मुक्त केलेली’ याचा अर्थ आधी ती त्याची गुलाम होती. त्याने तिला विकत घेतलं, मग मुक्त केलं, मग बायको केलं. तिला विचारलं होतं का? तिच्या जमातीतून ती तिथवर कशी पोचली? थडग्यावर जे आहे ते सगळं त्याचं म्हणणं आहे. दागिन्यांची पेटी, लोकर, खुर्ची, त्याला ती जशी दिसायला हवी होती तशी. तिचा स्वतःचा एक शब्द नाही. सेवेरा अधिकाऱ्याची बायको होती म्हणून तिच्या हातचं अक्षर उरलं. जोड्यांमधल्या बायकांपैकी किती जणी स्वतःहून आल्या होत्या?

---

जुनी_वही

सुईदोरा, तुमचं ऐकलं. माझ्या मनात दोन्ही राहील, त्याचं दुःख आणि तिचं मौन.

---

तांबडीमाती

सुईदोरा, मान्य. त्या संग्रहालयातच पाच पावलांवर दुसरं थडगं आहे, विक्टर नावाच्या मूर तरुणाचं, वय २०. तोही मुक्त केलेला, घोडदळातल्या नुमेरिआनुसने. तोही असाच मालकाच्या शब्दांत उरलाय. सरहद्दीवरच्या वस्तीचा मोठा भाग विकत घेतलेल्या माणसांचा होता हे मी लेखात लिहायला हवं होतं.

---

कोठी

मी स्वयंपाकघरातली बाई, माझी भर तिथलीच. विंडोलँडाच्या एका हिशेबाच्या चकतीवर शिपायांची नावं आणि प्रत्येकाच्या नावावर घेतलेला माल आहे. त्यात तप्पोचा मुलगा गाम्बाक्स याच्या नावावर लिहिलंय : मिरी, २ देनारियस.

मिरी! म्हणजे मलबारची. मुझिरिसच्या बंदरातून तांबड्या समुद्रावर, तिथून उंटावरून नाईलला, अलेक्झांड्रिया, मग इटली, मग गॉल (आजचा फ्रान्स), मग इंग्लिश खाडी ओलांडून या चिखलात. प्लिनी या रोमन लेखकाने रोमचे भाव दिलेत, काळी मिरी रत्तलाला ४ देनारियस. रोमन रत्तल साधारण ३२७ ग्रॅमचा. म्हणजे रोमच्या भावाने गाम्बाक्सला १६० ग्रॅमच्या आसपास मिळाली असती. सरहद्दीवर वाहतूक धरून त्याहून कमीच. तरी साध्या शिपायाने ती घेतली, कुणा सेनापतीने नव्हे.

ही एकटीच नोंदही नाही. जर्मनीत लिपे नदीकाठच्या ओबेराडेनच्या छावणीत प्रत्यक्ष मिरीचे दाणे सापडलेत, आणि ती छावणी पहिल्या सम्राटाच्या, ऑगस्टसच्या काळातली, ख्रिस्तपूर्व अखेरच्या दशकांतली. इजिप्तच्या बेरेनीके बंदरात देवळाच्या आवारात भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो मिरी मिळाली. मी रोज फोडणीत टाकते तो दाणा गाम्बाक्सच्या हाताला लागला होता, हे कळल्यापासून मिरीचा डबा उघडताना त्याचं नाव आठवतं.

---

मनीप्लांट

कोठी ताई, हे फार छान. आपल्याकडे कोल्हापूरला ब्रह्मपुरीत समुद्रदेवाची रोमन मूर्ती मिळाली होती ना, त्याच व्यापाराची?

---

चाळणी

हो, पोसायडनची ब्राँझची मूर्ती, १९४०च्या दशकातल्या उत्खननांतली. तो विषय मोठा आहे, स्वतंत्र धागा काढा, मी येतो. इथे सरहद्दीवरच राहू.

---

लांबचा_प्रवासी

बारातेसच्या पाल्मिराचं नाव आलं म्हणून लिहितो. माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या आघाडीवर होते, त्यामुळे त्या भागाबद्दल मिळेल ते वाचत आलोय.

साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला, सीरियात युफ्रेटिस नदीवर, दुरा-युरोपोस नावाचं शहर होतं. ते पुन्हा उजेडात कसं आलं? १९२० साली इंग्रजांच्या फौजेतले हिंदुस्थानी शिपाई तिथे मोर्च्यासाठी चर खणत होते. फावड्याखाली रंगीत भिंतचित्रं निघाली. त्यांचा कप्तान मर्फी याने वर कळवलं, आणि अमेरिकन अभ्यासक ब्रेस्टेड यांनी घाईघाईने येऊन जेमतेम एका दिवसात त्यांची नोंद केली. एका सरहद्दीवर पहारा करणाऱ्या परदेशी शिपायांना दुसऱ्या, सतराशे वर्षं जुन्या सरहद्दीवरचे परदेशी शिपाई सापडले.

कारण चित्रात तेच आहेत. विसावी पाल्मिरी पलटण, तिचा प्रमुख युलिउस तेरेन्तिउस धूप वाहतोय, मागे शिपाई ओळीने उभे, शेजारी निशाण. हाच तेरेन्तिउस पुढे मारला गेला. त्याची बायको औरेलिआ आर्रिया हिने कोरून घेतलेला ग्रीक लेख त्याच शहरात मिळाला. लढायांत शूर, युद्धांत बलवान, असं तिने नवऱ्याबद्दल लिहिलंय. सुईदोरा, इथे निदान एका बायकोचे शब्द आहेत.

विंडोलँडात ओलीने जपलं, दुरात कोरडेपणाने. पलटणीच्या दप्तरातले पपायरस उरले. त्यांत वर्षभराच्या सणांची यादी आहे, कोणत्या दिवशी कुठल्या देवाला, कुठल्या सम्राटाच्या वाढदिवसाला कोणता पशू. इ.स. २५६च्या सुमारास इराणच्या ससानी सैन्याने वेढा घातला. आतल्यांनी पश्चिमेच्या तटाला टेका म्हणून मातीचा प्रचंड बांध रचला, त्याखाली तटालगतची घरं पुरली गेली. त्यातच ज्यू प्रार्थनागृहाची चित्रं आणि अगदी आरंभीचं ख्रिस्ती प्रार्थनाघर जसंच्या तसं राहिलं. शिपाई, ज्यू, ख्रिस्ती, बेल देवाचे पुजारी, सगळे हाकेच्या अंतरावर.

एकोणिसाव्या बुरुजाखालच्या सुरुंगात वीसेक रोमन सैनिकांचे सांगाडे एकावर एक पडलेले मिळाले. सायमन जेम्स या पुरातत्त्वज्ञाने २००९ मध्ये मांडलं की ससान्यांनी डांबर आणि गंधक पेटवून विषारी धूर सोडला असावा. गडवाट, लढाईबद्दल तुम्ही विचारलं होतं. ती इथे आहे, अंगावर येईल इतकी.

सीरियातल्या यादवीत या जागेची चोरट्यांनी चाळण केली. उपग्रहातून काढलेल्या छायाचित्रांत तटाच्या आतला बहुतेक भाग खड्ड्यांनी भरलेला दिसतो. ते बघवत नाही.

---

गडवाट

लांबचा_प्रवासी, तुमच्या प्रतिसादाने रात्र गेली. चर खणणाऱ्या शिपायांची नावं कुणी लिहून ठेवायला हवी होती.

---

मनीप्लांट

तांबडीमाती ताई, तिथे खोदायला कुणीही येऊ शकतं का? मुलगा मँचेस्टरला शिकतो, त्याला पाठवायचं आहे.

---

तांबडीमाती

येऊ शकतं, अनुभव लागत नाही. हंगाम साधारण एप्रिल ते सप्टेंबर. जागा भराभर भरतात, तेव्हा आदल्या वर्षीच नोंदणीकडे लक्ष ठेवायचं. पावसाळी बूट आणि दोन जोडी जाड मोजे त्याच्यासोबत द्या.

आणि लवकर पाठवा, असं मी मनापासून म्हणते. मॅग्ना किल्ल्यावर २०२३ पासून खोदकाम सुरू आहे, ते घाईने सुरू करायचं कारण जमीनच आहे. तिथली ओली, काळी माती उन्हाळ्यांत सुकतेय. भेगा पडल्या की हवा आत जाते आणि जे दोन हजार वर्षं कुजलं नाही ते काही वर्षांत कुजेल. २०२५ मध्ये तिथे ३२ सेंटिमीटरहून लांब तळव्याचा जोडा मिळाला, एवढा मोठा पाय कुणाचा असेल यावर आम्ही चहाच्या सुट्टीत दिवसभर बोलत होतो. अजून कितीतरी जोडे खाली आहेत आणि माती हलकी होत चाललीय. विंडोलँडातही आता ओलावा मोजणारी यंत्रं पुरून ठेवतात.

आमचा तो लहान जोडा पाण्याच्या डब्यात ठेवलाय, नंबर घालून. आधी धुणं, मग हळूहळू चामड्यातलं पाणी काढून दुसरं भरणं, मग गोठवून सुकवणं. वेळ लागेल.

---

जुनी_वही

तुमचा मूळ प्रश्न सगळे विसरले, मी नाही. चार दिवस सेवेराच्या ओळी वहीत लिहून खोडतेय.

‘सोरोर’ला बहीण म्हणू नका. त्या सख्ख्या बहिणी नव्हत्या, एका रानात दोन ठाण्यांवर राहणाऱ्या मैत्रिणी होत्या. माझी आई शेजारच्या काकूंना ‘बाई’ म्हणायची आणि त्या आईला. त्या हाकेत जे होतं ते इथे हवं. ‘अपेक्षा करीन’ तर नकोच, आपण वाट बघतो. ‘आनिमा मेआ’ म्हणजे जीव. आत्मा पोथीत असतो, मैत्रिणीला आपण जीवच म्हणतो. ‘इता वालेआम’ ही आण आहे, ‘माझं भलं होवो तशी’ अशी, ती आपल्याकडे ‘माझी शपथ’ होते. आणि ‘हावे’ हा शेवटचा शब्द लिहिताना तिची चकती संपत आली असावी असं मला उगाच वाटतं, म्हणून तो तोडकाच ठेवलाय.

‘वाट बघते हं, बाई. जपून राहा, बाई, माझ्या जिवा, माझी शपथ आहे तुला, लाडके. ये.’

---

तांबडीमाती

जुनी_वही ताई, हेच. वहीत उतरवून घेतलं, तुमच्या नावासकट.